कागद तीन, संसार एक

भंडारा जिल्ह्यातल्या पवनी तालुक्यात कोंढा नावाचं गाव आहे. समजा, या गावातल्या एका मुस्लीम तरुणाचा निकाह झाला. काझीसाहेबांच्या रजिस्टरात सह्या झाल्या. निकाहनाम्याची एक प्रत मुलीकडे गेली, एक मुलाकडे. पुढच्या आठवड्यात दोघं ग्रामपंचायतीत गेले, 'नमुना ड' भरला, फोटो चिकटवले, साक्षीदारांच्या सह्या घेतल्या आणि विवाह नोंदणीचं प्रमाणपत्र हातात घेऊन बाहेर पडले. घरी येऊन मुलाने सांगितलं, "चला, कोर्ट मॅरेजपण होऊन गेलं."

ते झालेलं नसतं. ग्रामपंचायतीचं प्रमाणपत्र हा लग्न झाल्याचा पुरावा. पासपोर्ट, विमा, पेन्शन अशा कामांना तो लागतो आणि तो जपून ठेवावा असाच कागद आहे. पण त्याने नवराबायकोंचे हक्क बदलत नाहीत. गावात ग्रामसेवक हा विवाह निबंधक असतो. तो झालेल्या लग्नाची नोंद करतो, लग्न लावत नाही. ज्या कायद्याने लग्न लागलं, त्याच कायद्याने ते पुढे चालतं. लोक ज्याला कोर्ट मॅरेज म्हणतात ते वेगळंच प्रकरण आहे. त्याला १९५४चा विशेष विवाह कायदा लागतो, विवाह अधिकारी लागतो, तीस दिवसांची नोटीस लागते. निकाहनामा, नोंदणी प्रमाणपत्र आणि विशेष विवाहाचा दाखला हे तिन्ही कागद एकाच जोडप्याकडे असू शकतात. बायकोला भांडणात काय मागता येईल आणि नवऱ्यामागे कुणाच्या वाट्याला काय येईल, हे यातला कोणता कागद हाताशी आहे त्यावर ठरतं.

नोंदणीने कायदा बदलत नाही, ही गोष्ट खुद्द नोंदणी करणाऱ्यांनाही कधीकधी ठाऊक नसते. ठाण्यात एका मुस्लीम पुरुषाला आपलं तिसरं लग्न नोंदवायचं होतं. पत्नी अल्जेरियाची होती. महानगरपालिकेच्या कार्यालयाने अर्ज फेटाळला. महाराष्ट्राच्या १९९८च्या विवाह नोंदणी कायद्यात 'विवाह' हा शब्द एकवचनी आहे, म्हणून एकच लग्न नोंदता येतं, असं त्यांचं म्हणणं. गंमत अशी की याच माणसाचं दुसरं लग्न याच कार्यालयाने पूर्वी बिनबोभाट नोंदवून दिलं होतं. ऑक्टोबर २०२४मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने सांगितलं, की मुस्लीम पुरुषाला व्यक्तिगत कायदा एका वेळी चार बायका करू देतो आणि १९९८चा कायदा त्याला आड येत नाही. निकाल कुणाला रुचो न रुचो, त्यातला मुद्दा साधा होता. नोंदवहीला लग्नाचा कायदा घडवता येत नाही.

मग निकाहाचा कायदा काय सांगतो?

सर्वांत आधी हे, की निकाह हा करार आहे. अलाहाबाद उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती सय्यद महमूद यांनी १८८६मध्ये अब्दुल कादिर विरुद्ध सलीमा या खटल्यात याची सविस्तर मांडणी केली आणि भारतातली न्यायालयं आजही तिथूनच सुरुवात करतात. एका बाजूने प्रस्ताव, दुसऱ्या बाजूने कबुली, दोन साक्षीदार आणि मेहर. वधू वेगळ्या खोलीत बसलेली असते. तिचा वकील दोन गवाहांसह तिच्याकडे जातो, मुलाचं नाव, त्याच्या बापाचं नाव आणि मेहरची रक्कम सांगतो आणि तिचा होकार घेऊन परत येतो. इथला वकील म्हणजे काळ्या कोटातला नव्हे, बहुधा तिचा मामा किंवा काका. मग मंडपात त्याच रकमेचा पुन्हा उच्चार होतो आणि मुलगा 'कुबूल है' म्हणतो. एवढ्या माणसांसमोर रक्कम दोनदा बोलली जाते, तरी वीस वर्षांनी ती किती होती हे अनेक घरांत कुणाला आठवत नाही.

मेहर ही बायकोची रक्कम. ती तिच्या बापाची नाही, सासऱ्याची तर नाहीच. तिचे दोन प्रकार आहेत. एक मागताक्षणी द्यायची, दुसरी तलाक किंवा मृत्यू झाल्यावर देणं लागणारी. बोलीत 'नक्द' आणि 'उधार'. मागताक्षणी द्यायची मेहर नवऱ्याने दिली नाही, तर बायको सासरी नांदायला नकार देऊ शकते आणि तरीही तिचा पोटगीचा हक्क शाबूत राहतो. नवरा वारला तर थकलेली मेहर हे त्याच्या इस्टेटीवरचं कर्ज ठरतं. वारसांची वाटणी त्यानंतर. मयताच्या ताब्यातली जमीन किंवा घर विधवेकडे आधीपासून रीतसर आलेलं असेल, तर मेहर फिटेपर्यंत ते धरून ठेवण्याचा हक्कही तिला आहे.

हा हक्क बुडवण्याची एक जुनी रीत आहे. जनाजा उठण्याआधी विधवेला पुढे आणतात आणि 'मेहर माफ कर' म्हणतात. ती रडत असते, भोवती सगळे नातेवाईक उभे असतात, ती मान हलवते. त्या धक्क्यात दिलेली माफी न्यायालयांनी बंधनकारक मानलेली नाही. पण त्यासाठी ती आधी न्यायालयापर्यंत पोचायला हवी.

रुपयात लिहिलेल्या मेहरचं दुसरं दुखणं महागाई. मुंबईच्या बाई ताहिरा खटल्यात मेहर ५,००० रुपये होती आणि इद्दतीच्या, म्हणजे तलाकनंतरच्या प्रतीक्षेच्या, काळाचे १८० रुपये. १९६२मध्ये तेवढ्यावर तडजोड झाली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं तेव्हा न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी विचारलं ते इतकंच, की या रकमेच्या व्याजावर मुंबईत एक दिवस तरी कुणी जगेल का? जुन्या उलेमांनी मेहर चांदीत मोजली होती, हे इथे आठवायला हवं. सुन्नींच्या हनफी मताप्रमाणे मेहर दहा दिरहमांहून कमी नसावी, म्हणजे सुमारे ३०.६ ग्रॅम चांदी. 'मेहर-ए-फातिमी' म्हणतात ती सुमारे १,५३० ग्रॅम. चांदीचा भाव काळाबरोबर वाढत जातो, निकाहनाम्यातला रुपयाचा आकडा मात्र तिथेच बसून राहतो.

मेहरशिवाय नवऱ्यावर बायकोच्या अन्न, वस्त्र, निवाऱ्याचा भार आहे. ती स्वतः श्रीमंत असली तरी. बायकोचा पगार, दागिने, माहेरची जमीन यांवर नवऱ्याचा काडीचा हक्क नाही आणि घरखर्चाला हातभार लावण्याची तिच्यावर कायदेशीर सक्तीही नाही. एकाहून जास्त बायका असतील तर सर्वांना सारखं वागवण्याचं बंधन आहे. तिच्या बाजूने कर्तव्य म्हणजे नवऱ्यासोबत नांदणं आणि एकनिष्ठ राहणं. सबळ कारण नसताना घर सोडलं तर तिचा निर्वाह थांबतो. 'सबळ कारण' कशाला म्हणायचं, यावर मात्र दीडशे वर्षं वाद चालू आहे.

हा वाद १८६७मध्ये लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेला होता. मुन्शी बुजलूर रहीम यांनी पत्नी शमसुन्निसा हिने परत नांदायला यावं म्हणून दावा लावला. न्यायाधीशांनी असा दावा मुस्लीम जोडप्यातही चालतो असं ठरवलं, पण छळ झाला असेल तर न्यायालय बायकोला परत पाठवणार नाही हेही सांगितलं. मुळात नांदायला लावण्याचा हा दावा ना कुराणातला ना धर्मशास्त्रातला. तो इंग्लंडच्या चर्च न्यायालयांतून इथे आला. मुंबईत १८८४मध्ये दादाजी भिकाजींनी तोच आपल्या पत्नी रखमाबाईंवर लावला. लग्नाच्या वेळी अकरा वर्षांच्या असलेल्या रखमाबाईंनी नांदायला नकार दिला. मार्च १८८७मध्ये न्यायालयाने नवऱ्याकडे जा नाहीतर सहा महिने तुरुंगात जा, असा हुकूम दिला आणि त्यांनी तुरुंगाची तयारी दाखवली. १८८८मध्ये २,००० रुपयांवर तडजोड झाली. पुढे त्या डॉक्टर झाल्या. इंग्लंडने हा दावा १९७०च्या कायद्याने मोडीत काढला. आपल्याकडे तो हिंदू विवाह कायद्यात कलम ९ आणि विशेष विवाह कायद्यात कलम २२ म्हणून अजून नांदतो आहे. मुस्लीम जोडप्यांच्या बाबतीत अलाहाबादच्या न्यायमूर्ती एस. एस. धवन यांनी १९६०मध्ये इतवारी विरुद्ध असगरी खटल्यात मोठी मजल मारली. नवऱ्याने दुसरी बायको आणली आणि पहिलीला परत ये म्हणून दावा केला, तर दुसरं लग्न हेच पहिलीवरचं क्रौर्य मानता येतं, असं त्यांनी म्हटलं. पोटगीच्या कायद्यात तर हे स्पष्टच लिहिलेलं आहे. नवऱ्याने दुसरं लग्न केलं तर बायकोचं वेगळं राहणं सकारण, मग तो कोणत्याही धर्माचा असो.

लग्न मोडण्याच्या हक्कात दोघांची ताकद सारखी नव्हती. हनफी मतात बायकोला न्यायालयातून सुटका मिळणं जवळपास अशक्य होतं. नवरा परागंदा झाला तर तिने जन्मभर वाट पाहायची. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पंजाबात काही बायकांनी त्यावर वाट काढली ती धर्म सोडण्याची, कारण धर्म सोडला की निकाह आपोआप तुटे. उलेमा खडबडून जागे झाले. देवबंदचे मौलाना अशरफ अली थानवी यांनी १९३१मध्ये मालिकी या दुसऱ्या सुन्नी मताचा आधार घेऊन बायकोच्या सुटकेची कारणं मांडली. त्यातून १९३९चा मुस्लीम विवाह विच्छेद कायदा आला. नवरा चार वर्षं बेपत्ता असेल, दोन वर्षं खर्च देत नसेल, त्याला सात वर्षांची कैद झाली असेल, तो छळ करत असेल, बायकोची मालमत्ता विकत असेल, एकाहून जास्त बायकांना सारखं वागवत नसेल, अशा कारणांवर तिला न्यायालयातून तलाक मिळतो. याच कायद्याने मुस्लीम म्हणून जन्मलेल्या बायकोने धर्म सोडल्यावर निकाह आपोआप तुटणं बंद केलं. स्त्रियांच्या सुटकेचा हा कायदा धर्मगुरूंच्या पुढाकाराने आणि त्यांच्या काळजीपोटी झाला, हे आजच्या वादात कुणाच्याच सोयीचं नसतं. म्हणून ते फारसं सांगितलं जात नाही.

पुरुषाच्या बाजूला मात्र तोंडी तलाक होता. १८ एप्रिल १९६६ रोजी समाजसुधारक हमीद दलवाई सात मुस्लीम स्त्रियांना घेऊन मुंबईत विधानभवनावर गेले. बहुपत्नीत्व आणि तोंडी तलाक बंद करा, ही मागणी. सात बायकांचा मोर्चा म्हणून त्या वेळी हसणारेही होते. चार वर्षांनी, २२ मार्च १९७० रोजी पुण्यात मुस्लीम सत्यशोधक मंडळ स्थापन झालं. त्यातले सय्यदभाई या कामात ओढले गेले ते स्वतःच्या बहिणीला तलाक मिळाला म्हणून.

न्यायालयातली वाट महाराष्ट्रात औरंगाबादेतून गेली. पोटगीच्या अर्जाला उत्तर देताना नवरे लेखी कैफियतीत सरळ लिहीत, 'मी तिला तलाक दिला आहे', की झालं. मे २००२मध्ये दगडू पठाण खटल्यात मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने हा मार्ग बंद केला. तलाकला कारण हवं. दोन्ही घरांकडून एकेक मध्यस्थ बसवून समेटाचा प्रयत्न झालेला हवा, जे कुराणातच सांगितलं आहे. आणि हे सगळं पुराव्याने सिद्ध करायला हवं. कैफियतीतलं वाक्य म्हणजे तलाक नव्हे. पूर्णपीठाचा हा निकाल नागपूर खंडपीठाखालच्या भंडारा जिल्ह्यालाही तितकाच लागू आहे. त्याच वर्षी ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयाने शमीम आरा खटल्यात हेच सांगितलं. २२ ऑगस्ट २०१७ला शायरा बानो खटल्यात एका दमातला तिहेरी तलाक रद्द झाला आणि २०१९च्या कायद्याने तो तीन वर्षांपर्यंतच्या कैदेचा गुन्हा ठरला. तलाकची इतर रूपं, म्हणजे महिन्यामहिन्याच्या अंतराने दिलेला तलाक, बायकोने मागितलेला खुला, दोघांच्या संमतीचा मुबारात, ही कायम आहेत.

पोटगीचा इतिहास शहाबानो खटल्यापाशी येऊन थांबतो असा समज आहे. तलाक झालेल्या शहाबानोंना मासिक १७९ रुपये २० पैसे पोटगी देणारा सर्वोच्च न्यायालयाचा तो निकाल २३ एप्रिल १९८५चा. त्यावर गदारोळ झाला आणि तलाक झालेल्या मुस्लीम स्त्रियांसाठीचा १९८६चा कायदा आला. इद्दतीपुरता खर्च द्यायचा, नंतर नवरा मोकळा, असा त्याचा अर्थ सर्वांनी लावला. पण कायद्यातच एक वाक्य होतं: इद्दतीच्या मुदतीत 'वाजवी आणि न्याय्य तरतूद' करायची. मुदतीत करायची, मुदतीपुरती नव्हे. मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने २०००मध्ये आणि सर्वोच्च न्यायालयाने २००१मध्ये दानियल लतीफी खटल्यात हाच अर्थ उचलला: बायकोच्या पुढच्या आयुष्याची तरतूद नवऱ्याने त्या तीन महिन्यांत एकरकमी करून द्यायची.

ती रक्कम किती असू शकते याचा दाखला चिपळूणचा. नवरा सौदी अरेबियात नोकरीला. २००५ला लग्न, २००८ला तलाक. चिपळूणच्या न्यायदंडाधिकाऱ्यांनी २०१४मध्ये ४ लाख ३२ हजार रुपये मंजूर केले, खेडच्या सत्र न्यायालयाने ते ९ लाख केले. मग नवरा उच्च न्यायालयात गेला. बाईने मधल्या काळात दुसरं लग्न केलं, मग पैसे कसले, असा त्याचा सवाल. जानेवारी २०२४मध्ये न्यायमूर्ती राजेश पाटील यांनी तो फेटाळला. तलाक झाला त्या दिवशी देणं ठरलं. नंतर तिने लग्न केलं किंवा नाही केलं, त्याने ते कमी होत नाही. हिंदू स्त्रीची पोटगी पुनर्विवाहाने थांबू शकते, हे लक्षात घेतलं तर १९८६च्या बदनाम कायद्याने इथे मुस्लीम स्त्रीला जास्तच दिलं. १० जुलै २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने आणखी एक गाठ सोडवली. दरमहा पोटगीचा सर्वसाधारण मार्ग, जो आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत कलम १४४ आहे, तोही तलाक झालेल्या मुस्लीम स्त्रीला खुला आहे.

आता तिसरा कागद. विशेष विवाह कायद्याखाली लग्न करायला धर्म आड येत नाही. दोघांपैकी एकाने नोटीस द्यायची त्या जिल्ह्यात किमान तीस दिवस राहिलेलं असावं, नोटीस कार्यालयात लागते, तीस दिवस हरकतीची वाट पाहिली जाते आणि तीन साक्षीदारांसमोर लग्न होतं. कलम १५ प्रमाणे आधी निकाह झालेलं जोडपंही या कायद्याखाली येऊ शकतं, मुख्य अटी अशा, की दोघांचं वय २१ पूर्ण हवं आणि कुणाचाही दुसरा जोडीदार हयात नसावा. या कागदाने एकपत्नीत्व पक्कं होतं, तोंडी तलाक संपतो, घटस्फोट फक्त न्यायालयातून मिळतो. एक खोच इथेही आहे: या कायद्यात पोटगी फक्त बायकोला मागता येते. हिंदू विवाह कायद्यात नवराही मागू शकतो. म्हणजे 'नागरी' म्हणवणारा हा कायदा याबाबतीत निकाहाच्याच वळणाचा आहे.

खरा फरक वारशात पडतो. कासारगोडचे वकील आणि अभिनेते सी. शुक्कूर यांचा निकाह होऊन बरीच वर्षं झाली होती, मुली तीन, मुलगा नाही. सुन्नी वारसा कायद्याने अशा घरात मुलींना मिळून दोन तृतीयांश, विधवेला एक अष्टमांश आणि उरलेलं शुक्कूर यांच्या भावांकडे गेलं असतं. ८ मार्च २०२३ रोजी त्यांनी त्याच पत्नीशी विशेष विवाह कायद्याखाली पुन्हा लग्न केलं. आता त्यांच्या मागे भारतीय उत्तराधिकार कायदा चालेल, पत्नीला एक तृतीयांश आणि बाकी सगळं मुलींना सारखं.

गोव्यात असा दुसऱ्यांदा खटाटोप करावा लागत नाही. तिथे १८६७ची पोर्तुगीज नागरी संहिता आली आणि तिचा गाभा आजही टिकून आहे. वेगळा करार केला नसेल तर लग्न होताच दोघांची मालमत्ता एकत्र होते आणि प्रत्येकाचा अर्धा वाटा ठरतो. बायकोच्या सहीशिवाय नवरा घर विकू शकत नाही. सप्टेंबर २०१९च्या एका निकालात सर्वोच्च न्यायालयाने मुद्दाम नोंदवलं, की गोव्यात नोंदलेल्या मुस्लीम लग्नांत पुरुषाला दुसरी बायको करता येत नाही आणि तोंडी तलाकलाही जागा नाही.

महाराष्ट्रातल्या जोडप्यांसाठी असा अर्धा वाटा नाही, आणि इथे धर्माचा प्रश्नच उरत नाही. हिंदू असो, मुस्लीम असो की विशेष विवाहवाली, घटस्फोट घेताना नवऱ्याच्या शेतातला किंवा घरातला वाटा हक्क म्हणून बायकोला मिळत नाही. पोटगी मिळते, २००५च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याने लग्न टिकून असेपर्यंत राहायला छप्पर मिळतं. मालकी मिळत नाही. रोवणीच्या दिवसांत तिने बांध्यांत गुडघाभर चिखलात उभं राहून जितके कष्ट केले असतील, त्यांची सातबाऱ्यावर नोंद नसते. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने 'लक्ष्मीमुक्ती' मोहिमेत नवऱ्यांना राजीखुशीने बायकोच्या नावावर जमीन करायला लावली, ती याच उणिवेपायी.

मुस्लीम जोडप्याकडे यावर एक आयता उपाय आहे आणि तो पहिल्याच कागदात आहे. मेहर रुपयांतच असली पाहिजे असं कुठेही नाही. ती सोनं असू शकते, घर असू शकते, जमिनीचा तुकडाही. निकाहनाम्यात अटी घालता येतात. नवऱ्याने दुसरं लग्न केलं तर तलाकचा अधिकार बायकोकडे यावा, अशी अटही चालते; तिला तलाक-ए-तफवीज म्हणतात. ऑल इंडिया मुस्लीम पर्सनल लॉ बोर्डाने २००५मध्ये भोपाळला नमुना निकाहनामा प्रसिद्ध केला, भारतीय मुस्लीम महिला आंदोलनानेही आपला केला. फक्त घर किंवा जमीन मेहर म्हणून द्यायची, तर काझींच्या रजिस्टरात लिहून भागत नाही. दुय्यम निबंधकाकडे दस्त नोंदवावा लागतो, मग तलाठ्याकडे फेरफार, आणि मग सातबाऱ्यावर तिचं नाव.